दुर्बिणीचं झबलं

माझं वय 43 आहे. केस थोडे पांढरे आहेत, मान्य. पण म्हणून संक्रांतीच्या आठवड्यात काळी मखमल मागणाऱ्या माणसाला थेट “नातवाचं बोरन्हाण का?” असं विचारायचं?

नातू म्हणजे 150 मिलिमीटर आरशाची, एफ/5 (केंद्रांतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट) न्यूटनियन दुर्बीण. मृगातल्या अश्वमुख तेजोमेघाचे तीन-तीन मिनिटांचे 60 एक्सपोजर एकत्र करून स्ट्रेच केले, म्हणजे अंधूक तपशील उजळवले, तर डाव्या कडेला चंद्रकोरीसारखा फिकट डाग. खगोलमित्रांकडे यावर एकच औषध: “फ्लॅट्स नीट घे.” फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजळ पडद्याचा फोटो. अहो, त्याने मूळ फोटोला भागतात. कोपरे काळवंडले असतील तिथे तो चालतो. बाहेरून घुसलेला उजेड ही बेरीज. ती भागून जात नाही. उलट फ्लॅट घेतानाही तोच उजेड घुसला, तर डाग आणखी चिघळतो. हे चौथीतलं गणित, आणि सल्ला देणारे सगळे इंजिनिअर.

कॅमेरा 90 अंशांत फिरवला. कोर चित्रात जागची हलली नसती, तर दोष कॅमेऱ्यात किंवा फिल्टरमध्ये. ती हलली. म्हणजे नळी. फोकसरच्या, म्हणजे कॅमेरा बसतो त्या तोंडाच्या, समोरच्या भिंतीवर तिरका टॉर्च मारला, तर कारखान्याने ‘मॅट’ म्हणून दिलेला काळा रंग घासलेल्या कढईसारखा चकाकत होता. म्हणून मखमल.

“घेर 57 सेंटिमीटर, लांबी 65,” मी म्हणालो.

“अंगानं बरा आहे की! बाह्या?”

“बाह्या नाहीत. एका बाजूला भोक लागेल, पाच सेंटिमीटरचं.”

दुकानदारांनी चष्मा कपाळावर नेला. मी खरं ते सांगून टाकलं: दुर्बिणीला आतून लावायचीय.

“म्हणजे अस्तर. मग अस्तराचंच घ्या ना. मखमल आतून लावून दिसणार कोणाला?”

“काहीच दिसू नये म्हणून लावायचीय.”

यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पोऱ्याकडून तीन तागे काढवले. मी प्रत्येकावर मोबाइलचा टॉर्च आडवा धरून, एक डोळा मिटून बघू लागलो. पहिला चमकला. दुसराही. शेजारी साडी बघणाऱ्या बाई साडी सोडून माझ्याकडे बघू लागल्या.

“अहो, शालूसुद्धा कोणी असा तपासत नाही,” दुकानदार म्हणाले. तिसरा पास झाला. “पन्हा 44. मीटरखाली कापत नाही. हलव्याचे दागिने दाखवू का, आजोबा?”

आजोबा!

मखमलीला आणखी एक खोड असते. काही काळे रंग अवरक्त प्रकाशात काळे राहतच नाहीत. आमच्या जिन्यातल्या सीसीटीव्हीत माझी काळी पँट रात्री पांढुरकी दिसते, ती त्यामुळेच. तुमच्या कॅमेऱ्याला आयआर-कट, म्हणजे अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर, नसेल तर तुकडा आधी अशा सीसीटीव्हीखाली धरून बघा. आणि चिकटवण्यापूर्वी मुख्य आरसा बाहेर काढा. मखमलीची लव गळते, आणि गळते ती नेमकी आरशावर.

एवढं करून कोर फिकी झाली, गेली नाही.

मग केलं ते, जे मखमलीआधी करायला हवं होतं. पुढचं झाकण लावून अंधाऱ्या खोलीत 300 सेकंदांचा डार्क, म्हणजे उजेड न येऊ देता फोटो, घेतला. मग तसाच दुसरा, पण नळीच्या एकेका सांध्यावर टॉर्च फिरवत. मागच्या तोंडाशी टॉर्च नेल्यावर फ्रेम उजळली. आरशाच्या भोवतालच्या फटीतून उजेड थेट नळीत. आणि रात्री बरोबर त्या तोंडाखाली वीज पुरवणारा माझाच पॉवर बॉक्स, हिरव्या एलईडीसकट! एलईडीवर काळी टेप, मागच्या तोंडावर हॉटेलातून आणलेली शॉवर कॅप, त्यावर काळं कापड. कोर गायब. एकूण खर्च: टेप.

अश्वमुखाशेजारच्या अलनिटाक या ठळक ताऱ्याभोवतीचा उजेडाचा मेदूवडा मात्र कायम. वडाच, मधलं भोक म्हणजे दुय्यम आरशाची सावली. व्यास 530 पिक्सेल, पिक्सेल 3.76 मायक्रॉनचा, म्हणजे जवळपास 2 मिलिमीटर. गुणिले एफ-रेशो 5, भागिले 2, कारण उजेड सेन्सरवरून उसळून काचेपर्यंत जाऊन परत येतो. उत्तर 5 मिलिमीटर. सेन्सरपासून तेवढ्या अंतरावर कॅमेऱ्याची स्वतःचीच काच. दुर्बिणीच्या दुप्पट पैसे मोजून घेतलेला कॅमेरा, आणि काचेवरचं कोटिंग असं. याला मखमल नाही की टोपी नाही.

काल त्याच दुकानावरून चाललो होतो.

“झबलं बसलं का नातवाला?”

“जरा सैल झालं.”

“असू दे हो आजोबा. वाढत्या अंगाचं बरं.”