रानटी यॅममध्ये प्रोजेस्टेरॉन नसतं

करांदा, कोनफळ ज्या कुळातले, त्या यॅमच्या रानटी जातींबद्दल एक संदेश सध्या खूप फिरतोय. त्याचा सारांश असा: रानटी यॅममध्ये नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन, म्हणजे स्त्रियांच्या शरीरातलं एक हार्मोन, असतं. पावडर घ्या किंवा क्रीम लावा, रजोनिवृत्तीचा त्रास थांबेल. गर्भनिरोधक गोळी यातूनच बनते, त्यामुळे गोळीचीही गरज नाही. शिवाय कंद रानातला, म्हणून अपाय शून्य.

प्रोजेस्टेरॉन असतं? नाही. काही जातींत डायोसजेनिन हे वेगळंच रसायन असतं. रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या रानकंदांतून ते काढलं आणि त्यापासून प्रोजेस्टेरॉन बनवलं. संदेशात खरं आहे ते एवढंच. पण ते बनवलं कसं? डायोसजेनिन ॲसेटिक अनहायड्राइडबरोबर सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापवायचं, क्रोमिक आम्लाने रेणूचा एक भाग तोडायचा, आणि त्यानंतरही आणखी प्रक्रिया. हे बदल घडवणारी विकरं माणसाच्या शरीरात नाहीत. कंद पोटात गेला काय, कातडीवर चोळला काय, प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही.

रजोनिवृत्तीचा त्रास थांबतो? ऑस्ट्रेलियात २३ स्त्रियांना तीन महिने यॅमचं क्रीम आणि तीन महिने बिनऔषधी क्रीम देऊन पाहिलं. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले: दोन्हींत लक्षणीय फरक नाही, हार्मोनची पातळीही बदलली नाही. मग कुणाला गुण येतो तो कसा? काही क्रीममध्ये कारखान्यात बनलेलं प्रोजेस्टेरॉन वेगळं मिसळलेलं असतं. लेबल नीट वाचावं.

रानातलं म्हणून निर्धोक? या दाव्याची मला सर्वात जास्त भीती वाटते. डायोस्कोरिया हिस्पिडा या आशियाई जातीत डायोस्कोरीन हे विष असतं. त्याने झटके येतात, जीवही जाऊ शकतो. इंडोनेशियात याच कंदाला गडुंग म्हणतात आणि तो खातातही, पण पातळ काप करून, मीठ-राख लावून, कित्येक दिवस पाणी बदलत भिजवून. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. संदेश लिहिणाऱ्याने नेमकं तेच गाळलं. डायोस्कोरिया बल्बिफेरा, म्हणजे करांद्याचीच जात, चिनी औषधपद्धतीत गलगंडावर वापरतात. त्या औषधाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. उलट जपानमध्ये नागाइमो हा यॅम कच्चाच किसून खातात. सगळं जातीवर अवलंबून, आणि पावडरीत जात ओळखू येत नाही.

अन्न म्हणून यॅमचं मोल मोठंच आहे. जगातलं निम्म्याहून अधिक पीक एकटा नायजेरिया घेतो आणि पश्चिम आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचं ते रोजचं जेवण आहे. तिथे ते उकडून, कांडून पोटभर खातात, हार्मोनसाठी नव्हे.

राहिली गोळी. १९५१ मध्ये मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीत मिरामोंतेस, जेरासी आणि रोझेनक्रान्झ या रसायनशास्त्रज्ञांनी नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम हार्मोन बनवलं, तेच पुढे गोळ्यांत आलं. कंदात ते नाही. त्यामुळे हा संदेश वाचून गोळी बंद केली असेल, तर गर्भधारणा होऊ शकते हे धरून चाला, दुसरं साधन आजच वापरा आणि गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते डॉक्टरांना विचारा.