चप्पल मिलानला गेली तेव्हा वकील बिर्याणीच्या रांगेत होते

"तुमची वकील मंडळी वाशीला एसीत बसून बिर्याणी हाणतात आणि आपली चप्पल मिलानला पळवली जाते." घरच्या ग्रुपवर हा मेसेज टाकला आमच्या आतेभावाने. खाली हसण्याचे अकरा इमोजी, त्यात एक माझ्या सख्ख्या आईचा. मी त्या वेळी खरंच वाशीत होते, बौद्धिक संपदेच्या वकिलांच्या दोन दिवसांच्या परिषदेत, आणि हातात रिकामं ताट घेऊन बिर्याणीच्याच रांगेत उभी होते. उत्तर दिलं नाही. म्युनिकला परतून तीन आठवडे झाले तरी तो खडा चपलेतून निघत नाही, म्हणून हे लिहिते.

प्रकरण थोडक्यात असं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीच्या तोंडवळ्याच्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. गदारोळ झाला, मग कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. काही वकील जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये न्यायालयाने ती फेटाळली: भौगोलिक मानांकन, म्हणजे अमुक भागाच्या मालाच्या नावाचं संरक्षण, ज्यांच्या नावावर नोंदलंय त्यांनी यावं, तुमचा काय संबंध? डिसेंबरात त्याच कंपनीने महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार करून दोन हजार जोड इथे बनवून घ्यायचं जाहीर केलं. किंमत जोडीला साधारण ८०० युरो. आतेभावाच्या मते ही मांडवली. चोरी ती चोरीच.

दादा, चोरी कशाची? कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं २०१९ साली, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. ते राखतं नाव. अंगठा, वेणी, पट्टा ही घडण पिढ्यान्पिढ्यांची, तिच्यावर नव्याने डिझाइनचा हक्क कुणालाच मिळत नाही. प्राडाने 'कोल्हापुरी' म्हणून विकली असती तर भांडायला जागा होती. नाव न घेतल्याचा आपल्याला राग आला, आणि नाव न घेतल्यामुळेच ती कंपनी सुटली. हे मी ग्रुपवर टाइप केलं होतं. मग पुसलं. हे वाचून अकरा जण कशाला हसतील?

आणि नावाबद्दल एवढा जीव तुटत असेल तर परिषदेच्या हॉलपासून रिक्षाने पाच-सात मिनिटांवर एपीएमसीचं फळ मार्केट आहे. तिथे सीझनमध्ये 'देवगड हापूस' छापलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघतो, हे नवी मुंबईतलं शेंबडं पोरही सांगेल. हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, पाच जिल्ह्यांसाठी: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर आणि आपला ठाणे. ठाण्याचाही! आमच्या घरी कुणाला पत्ता नाही. ती पेटी घासाघीस करून घेताना 'चोरी' हा शब्द आठवत नाही. तो शब्द इटलीच्या माणसासाठी राखून ठेवलेला.

इकडे जर्मनीत झोलिंगन या शहराचं नाव सुरीवर घालायचं तर ती सुरी झोलिंगनमध्येच घडवावी लागते. त्यासाठी १९३८ पासून स्वतंत्र कायदा होता, आता नियमावली आहे. न्युर्नबर्गचा सॉसेज सात ते नऊ सेंटिमीटरचा, न्युर्नबर्गातच केलेला, नाहीतर तो न्युर्नबर्गचा नव्हे. याला लोक अस्मिता वगैरे म्हणत नाहीत. कुणीतरी पगारी माणूस बसून दुकानं तपासतो, नोटिसा पाठवतो, मुदती पाळतो. कंटाळवाणं काम. (फेटा नावाच्या ग्रीक चीजवरून, म्हणजे डोक्यावरचा नव्हे, हेच जर्मन २००५ पर्यंत युरोपच्या न्यायालयात भांडत होते की ते नाव सगळ्यांचं आहे. पण ते आत्ता नको. आतेभावाच्या हातात कोलीत कशाला द्या.)

आपल्याला जमत नाही असंही नाही. कडुनिंबाच्या तेलाने झाडांवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीचं पेटंट इथे, युरोपीय पेटंट कार्यालयाने, १९९४ मध्ये एका अमेरिकी कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला दिलं होतं. ते २००० मध्ये रद्द झालं आणि २००५ मध्ये अपिलातही रद्दच राहिलं. माझ्या ऑफिसपासून ती इमारत सायकलवर दहा मिनिटं. त्या सुनावणीत 'आमची आजी निंबाचा पाला धान्यात घालायची' एवढ्यावर भागलं नाही. पुण्याच्या एका कारखानदाराने येऊन साक्ष दिली की पेटंटच्या अर्जाआधीच, ऐंशीच्या दशकात, आम्ही हे करत होतो. पुणे आणि सांगली जिल्ह्यांत शेतकऱ्यांसमोर घेतलेल्या चाचण्या निघाल्या. एक माणूस, तारखा आणि कागद. परिषदेत हे मी माझ्या वीस मिनिटांत सांगितलं, थोडी ऐट करूनच. टाळ्या पडल्या.

ऐट उतरायला संध्याकाळ लागली नाही, कारण ती सकाळीच उतरली होती. ठाण्याहून वाशी लोकल धरली. याच गाडीने मी तीन वर्षं कॉलेजला गेले, ऐरोली, रबाळे, घणसोली डोळे मिटून म्हणेन. ऐरोलीच्या आधी गाडी थांबली. बाहेर पाटी 'दिघा गाव'. "हे कधी झालं?" मी शेजारच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं झाली की. तुम्ही बाहेरच्या का?" मी म्हटलं, नौपाड्याची. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. हॉलच्या दारात एका मुलाने गळ्यात पट्टा घातला: माझं नाव, खाली 'जर्मनी'.

चूक त्याची नव्हती. युरोपीय पेटंट कार्यालयासमोर उभं राहायचं तर प्रतिनिधींच्या यादीत नाव लागतं, आणि त्यासाठी सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. सवलत मागता येते. मी मागितली नाही, पासपोर्ट बदलला. भारत दोन ठेवू देत नाही. आईला सांगितलं की नोकरीपुरतं आहे. तिने फक्त विचारलं, "मग मतदान?" त्या दिवसापासून मी ग्रुपवर निवडणुकीबद्दल बोलत नाही, चपलेबद्दल बोलते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एक मुलगी आली. कोल्हापूरची, वकिली सुरू करून चार वर्षं झालेली. वडील चपला करतात. बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं, तळ वादीने शिवलेला, असं ती हातवारे करून सांगत होती, आणि कप बशीत हिंदकळत होता. "मॅडम, मानांकन महामंडळांच्या नावावर. कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करायची असते, हे आमच्या गल्लीत कुणाला माहीतच नव्हतं. मी घरोघर फॉर्म भरून घेते." मग आवाज खाली आणून, "ताई, १ डिसेंबरपासून युरोपात हस्तकलेच्या वस्तूंनाही मानांकन सुरू झालंय ना? स्पेनमध्ये आलिकान्तेला, युरोपच्या बौद्धिक संपदा कार्यालयाकडे, अर्ज जातो म्हणे. कोण, कसं करतं, तुम्ही बघाल का?"

दोन दिवस व्यासपीठावर कुणीच या नव्या दाराचं नाव काढलं नव्हतं. मीही नाही. मी तिला कार्ड दिलं आणि म्हटलं, "मेल कर. आमच्या ऑफिसात आधी हितसंबंधांची तपासणी करावी लागते." हे खरं आहे. इटलीची एक चामड्याच्या वस्तूंची कंपनी आमची अशील आहे. पण ती तपासणी करायला अर्धा तास लागतो, आणि तिची मेल येऊन तीन आठवडे झाले.

मेलला फोटो जोडलाय. चपलेचा तळ, त्यावर उठवलेला शिक्का, आणि कडेला धरणाऱ्याचा अंगठा, नखात काळं गेलेलं. निघायच्या आदल्या दिवशी राम मारुती रोडवर मीही एक जोड घेतला. दुकानदाराने "अस्सल आहे ताई" म्हटलं, मी दोनशे रुपये कमी करून घेतले आणि काहीएक विचारलं नाही. बाहेर उणे चार आहे, म्हणून मोज्यांवर घालून घरातच फिरते. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊने करकरीबद्दल दारावर चिठ्ठी लावलीय. काल रात्री त्या चपला उलट्या करून दिव्याखाली धरल्या. शिक्का नाही, काहीच नाही.

मग मेल उघडली. 'नमस्कार' लिहिलं. फोन वाजला: आतेभावाने चपलेवरचा आणखी एक विनोद टाकला होता, या वेळी आईच्या आधी मीच हसण्याचा इमोजी दाबला.