मुंबई–दुबई समुद्राखालची ट्रेन: मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

"मुंबई ते दुबई फक्त दोन तासांत! समुद्राखालून ट्रेन, 2030 पर्यंत सुरू, काचेतून मासे बघत प्रवास." हा मेसेज व्हिडिओसकट पुन्हा फिरतोय. विमानाला घाबरणाऱ्या माझ्या मावशीला तो इतका खरा वाटला की दुबईला लेकीकडे जायचंच तिने लांबणीवर टाकलं. "ट्रेन येतेच आहे की," म्हणते. आता मात्र राग येतो.

एवढं मान्य करतो की कल्पना कुणीतरी खरोखर मांडली होती. 2018 मध्ये अबू धाबीच्या परिषदेत तिथल्या एका सल्लागार कंपनीने. तीही मुंबई–फुजैरा (अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर) अशी, दुबईपर्यंत नव्हे. तेव्हा ती कल्पना होती, आजही कल्पनाच आहे.

दोन तासांचं गणित करू. मुंबई–दुबई सरळ अंतर साधारण 1,930 किलोमीटर. म्हणजे ताशी 965 किलोमीटरची सरासरी हवी. जपानच्या मॅग्लेव्हने, म्हणजे चुंबकाच्या बळावर तरंगत धावणाऱ्या ट्रेनने, 2015 मध्ये माणसं बसवून ताशी 603 किलोमीटर गाठले, तेही चाचणीत, काही सेकंद. तोच वेग मुंबईपासून दुबईपर्यंत न थांबता टिकवला, तरी तीन तास बारा मिनिटं लागतील. विमानालाही साधारण तेवढाच वेळ लागतो! मग ही ट्रेन कुणाचा वेळ वाचवणार?

आणि समुद्र? इंग्लंड–फ्रान्स बोगद्याचा पाण्याखालचा भाग 38 किलोमीटर, सगळा बोगदा 50 किलोमीटरचा, आणि तो खणून गाडी सुरू व्हायला 1988 ते 1994 अशी सहा वर्षं लागली. आपल्या बुलेट ट्रेनचा ठाणे खाडीखालचा तुकडा सात किलोमीटरचा. त्या प्रकल्पाचं भूमिपूजन 2017 ला झालं. मुंबई–फुजैरा अठराशे किलोमीटरच्या आसपास. अरबी समुद्र मध्यावर तीन हजार मीटरहून खोल. तिथे तळाशी दर चौरस सेंटीमीटरवर तीनशे किलोचा दाब, म्हणजे करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर तीन क्विंटल. त्यावर उत्तर म्हणून तरंगता बोगदा सांगतात, म्हणजे तळाला न टेकता पाण्यात अधांतरी ठेवलेली नळी. वाहतूक चालणारा असा बोगदा जगात अजून एकही नाही. नॉर्वेने काही किलोमीटर रुंदीच्या खाड्यांसाठी नुसता अभ्यास केलाय. शिवाय भारतीय आणि अरबी भूपट्टांची (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांची) सीमा याच समुद्राच्या तळातून जाते, ती ओलांडल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही.

मासे? ताशी हजार किलोमीटरला दिसणार काय! व्हिडिओ संगणकावर बनवलेला आहे. परत येताना तेल आणि जाताना नर्मदेचं पाणी नेणार असंही सांगतात; हे 2018 च्याच कल्पनेतलं, तेही कागदावरच.

'दुबई दीड-दोन तासांवर' असं वाटायला घड्याळ मात्र कारण असू शकतं. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. सकाळी दहाला उडालेलं विमान साडेअकराच्या सुमारास तिथे उतरतं, पण विमानात तुम्ही तीन तास बसलेले असता. परतीला तोच प्रवास घड्याळात साडेचार तासांचा दिसतो. मावशीला तिकीट काढताना मी हेच आकडे कागदावर लिहून देणार आहे.