नव्वद टक्के सेरोटोनिन पोटात असेलही, पण मेंदूला त्याचा उपयोग काय?

एक संदेश बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. त्याचा मथितार्थ असा: ‘आनंदाचं रसायन’ सेरोटोनिन ९० टक्के पोटातले जीवाणू बनवतात. म्हणून नैराश्याचं मूळ डोक्यात नाही, पोटात आहे. उंदरांवर आणि माणसांवर हे सिद्ध झालंय. प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी मानल्या जाणाऱ्या जिवंत जीवाणूंच्या कॅप्सूल, नैसर्गिक, अपाय शून्य. तेव्हा नैराश्याच्या गोळ्या बंद करा आणि रोज एक कॅप्सूल घ्या. मधे औषध कंपन्यांवर तोंडसुख आणि खाली ‘दहा जणांना पाठवा’ हे आलंच.

यातला ९० टक्क्यांचा आकडा साधारण बरोबर आहे, आणि खरी अडचण तीच आहे. त्याचं बोट धरून बाकीचं सगळं आत शिरतं.

‘सेरोटोनिन पोटातले जीवाणू बनवतात’

ते बनवतात आतड्याच्या अस्तरातल्या एन्टेरोक्रोमॅफिन पेशी, म्हणजे आपल्याच पेशी. जीवाणूंचा त्यात हात आहे, पण तो चिथावण्यापुरता. बीजाणू तयार करणारे काही जीवाणू मोठ्या आतड्यातल्या या पेशींकडून जास्त सेरोटोनिन बनवून घेतात, असं २०१५ साली उंदरांमध्ये दिसलं होतं.

आता हे सेरोटोनिन जातं कुठे? बरंचसं तिथेच राहून आतड्याची हालचाल सांभाळतं. रक्तात उतरलेलं प्लेटलेट्स शोषून घेतात आणि ते रक्त गोठताना कामी येतं. मेंदूत मात्र ते पोचत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर त्याला ओलांडता येत नाही. मेंदू आपल्यापुरतं सेरोटोनिन स्वतःच बनवतो: ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून, मेंदूच्या देठातल्या रॅफे केंद्रकांमध्ये. दोन्हीकडची एन्झाइमंसुद्धा वेगळी आहेत, आतड्यात टीपीएच-१ आणि मेंदूत टीपीएच-२. मन सुधारण्यासाठी पोटातलं सेरोटोनिन वाढवायचं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

गंमत पुढेच आहे. ‘सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं’ हे समीकरणच आता डळमळीत झालंय. २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात त्याला ठोस पुरावा सापडला नाही. हे समीकरण घरोघरी पोचवण्यात औषध कंपन्यांच्या जाहिरातींचा वाटा मोठा होता. त्याच कंपन्यांवर तोंडसुख घेणारा संदेश त्यांचाच जुना सिद्धांत उसना घेऊन उभा आहे!

मग पोट आणि मेंदू यांचा संबंध ही थापच का? अजिबात नाही. व्हेगस ही पोट आणि मेंदू यांना जोडणारी मोठी चेता (नस) आहे; तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे निरोप नेतात. रोगप्रतिकार यंत्रणा आहे, जीवाणूंनी बनवलेली मेदाम्लं आहेत. पण निरोप जातो म्हणून कॅप्सूलने आजार बरा होतो, असं होत नाही.

‘उंदरांवर सिद्ध झालंय’

झालंय खरं, आणि प्रयोगही देखणा आहे. २०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या संशोधकांच्या गटाने उंदरांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा जेबी-१ हा वाण दिला. पाण्यात सोडल्यावर हे उंदीर हातपाय गाळून तरंगत राहण्याऐवजी जास्त वेळ धडपडले. मेंदूतल्या गाबा या रसायनाच्या ग्राहींमध्येही बदल दिसले. मग व्हेगस चेता कापलेल्या उंदरांवर तेच करून पाहिलं, तर परिणाम नाहीसा! निरोप कुठल्या वाटेने जातो हे यापेक्षा स्वच्छ दाखवणं कठीण.

संदेश इथे थांबतो. संशोधक थांबले नाहीत. त्यांनी तोच वाण २९ निरोगी पुरुषांना दिला, आलटून पालटून जेबी-१ आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली हुबेहूब नक्कल. ताण किती येतो हे पाहायला त्यांना कोणाच्या तरी नजरेखाली बर्फगार पाण्यात हात बुडवून बसायला लावलं. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजलं, स्मरणशक्ती तपासली, मेंदूचे आलेख काढले. प्लासिबोपेक्षा काहीही सरस निघालं नाही. २०१७ मध्ये त्यांनी हे छापलंही. ते मात्र कोणी दहा जणांना पाठवत नाही.

‘माणसांवरही सिद्ध झालंय’

लॅक्टोबॅसिलस हेल्व्हेटिकस आणि बिफिडोबॅक्टेरियम लाँगम ही जोडी घेऊन २०११ मध्ये निरोगी स्वयंसेवकांचा मानसिक ताण कमी झाल्याचं दिसलं. न्यूझीलंडमध्ये तीच जोडी, तेच वाण, उदास मनःस्थितीच्या ७९ जणांवर आठ आठवडे वापरली, तर प्लासिबोशी फरक शून्य. इराणमधल्या ४० रुग्णांच्या चाचणीत वेगळ्याच मिश्रणाने फायदा दिसला. म्हणजे चित्र मिश्र आहे, चाचण्या लहान आहेत आणि प्रत्येकीतले जीवाणू निराळे. नैराश्याच्या चाचण्यांत नुसत्या प्लासिबोनेही बऱ्याच जणांना बरं वाटतं. त्यामुळे ‘मी घेतलं, मला फरक पडला’ यात कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडलेली असू शकते.

बेल्जियममधल्या १,०५४ जणांच्या पाहणीचाही दाखला देतात. नैराश्य असलेल्यांमध्ये कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जीवाणू कमी आढळले होते. पण नैराश्यात माणसाचं खाणं, झोप, हालचाल सगळंच बदलतं, तेव्हा आधी काय झालं हे अशा पाहणीतून कळत नाही. शिवाय नेहमीच्या कॅप्सूलमध्ये लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम असतात, हे दोघे नव्हेतच.

वाणाचा मुद्दा तर संदेशात येतच नाही. लेबलवर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस, इतके अब्ज’ लिहिलेलं असेल आणि पुढे जेबी-१ सारखी खूण नसेल, तर कुठल्या चाचणीचा निकाल त्या डबीला लावायचा हेच ठरवता येत नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय शून्य’

धडधाकट माणसाला बहुधा पोटफुगीपलीकडे त्रास होत नाही. पण नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने अत्यवस्थ झालेल्यांना प्रोबायोटिक दिलं तेव्हा १६ टक्के रुग्ण दगावले, प्लासिबो गटात ६ टक्के. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत इशारा दिला. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

‘गोळ्या सोडा’

संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य हेच. या गोळ्या एकदम थांबवल्या की चक्कर, मळमळ, झोपमोड, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात, आणि आजार उलटण्याचा धोका वेगळाच. सोडायच्याच असतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू उतरवत.

प्रोबायोटिकच्या बाजूने अलीकडे ज्याचं नाव घेतलं जातं तो अभ्यास लंडनच्या किंग्ज कॉलेजचा, २०२३ चा. ४९ जण, १४ वाणांचं मिश्रण, आठ आठवडे. प्रोबायोटिक गटात नैराश्य आणि चिंता जास्त उतरली. निकाल आशादायक आहे. तो प्राथमिक आहे, असं संशोधकच म्हणतात. त्यात घेतलेले सगळे रुग्ण नैराश्याच्या गोळ्यांवर होते, आणि त्या गोळ्या चालू ठेवूनच त्यांना प्रोबायोटिक दिलं होतं.