वजा अठरा

बारावीचा निकाल लागायचा होता, अठरावं नुकतंच पूर्ण झालं होतं आणि मी सीताबर्डीवरच्या एका बर्गरच्या दुकानात नोकरी धरली. पैशासाठी नाही, एसीसाठी. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो आणि आमच्या घरचा एकुलता एक कूलर आजीच्या खाटेकडे तोंड करून असतो.

एसी गिऱ्हाइकांसाठी असतो, हे रुजू झाल्यावर कळलं. मला फ्रायरवर उभं केलं. बाहेर ४५, समोर १७५ अंशांचं तेल. जाळी सोडायची, ते यंत्र बोंबललं की उचलायची. आमच्या चौकातला पोहेवाला गप्पा हाणता हाणता तर्री टाकतो, त्याला कधी यंत्रानं हाक मारली नाही. मला मात्र झोपेतही ते पीं-पीं ऐकू यायचं. एकदा तर मी उठून उशी झटकली म्हणे.

पण त्या दुकानात एक स्वर्ग होता. मागची फ्रीजरची खोली. वजा अठरा! फ्राइजचं पाकीट आणायला आम्हा पोरांत मारामारी. मी तर पाकिटं गोठलीत की नाही, हे एकेक करून हात लावून तपासायचो. एकदा मॅनेजरनं विचारलं, "एक पाकीट आणायले इतका वेळ?" "सापडून नव्हतं राहिलं, सर," मी म्हटलं. माझ्या चष्म्यावर इतकी वाफ धरली होती, की ते हसले की चिडले, तेही दिसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी काउंटरवर.

तिथं पहिल्याच संध्याकाळी बाबा आले. नियम म्हणजे नियम. "नमस्कार सर, फक्त तीस रुपयांत मोठी फ्राइज करून देऊ का?"

बाबांनी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं.

"घरी पाण्याचा गिलास मागितला तर ऐकू येत नाही याला," ते रांगेतल्या काकूंना म्हणाले. मग मोठी फ्राइज घेतली, वर तिखट चटणी मागितली. सॉसची पुडी दिली तर ती हुंगून परत केली.

पहिल्या पगारातून मी कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या आणल्या. तोंड अजून आजीकडेच आहे.