'घाणेरड्या गोष्टी मुलांशी बोलू नका' म्हणे!

'संस्कारी पालकांचे सात नियम' नावाचा मेसेज सध्या सोलापुरात घरोघरी फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर तोच, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तोच, भिशीच्या ग्रुपवरही तोच. खाली 'एका प्रसिद्ध बालमानसतज्ज्ञांचे अनुभव' असं छापलंय, तज्ज्ञाचं नाव मात्र कुठंच नाही. मी आल्या आल्या डिलीट करत होते. पण परवा धाकट्या जावेनं तो मलाच पाठवला आणि खाली विचारलं, "अक्का, पाचवा नियम पटतोय की ओ. पोरीला शाळेत ते गुड टच-बॅड टच शिकवायलेत. बंद करा म्हणून सांगू का बाईंना?"

म्हणून पाचव्यापासूनच सुरुवात करते. नियम असा: 'शरीराबद्दलच्या घाणेरड्या गोष्टी मुलांशी बोलू नका, निरागसपणा जातो. अनोळखी माणसापासून लांब राहा एवढं सांगितलं की पुरे. चांगल्या घरात असलं घडत नाही, आणि घडलंच तर घरातल्या घरात मिटवा. पोलिसांत गेलं की मुलीचं नाव पेपरात येतं.'

आधी त्या अनोळखी माणसाचं बघू. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली एक मोठा अहवाल काढला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना थेट विचारून केलेला. त्यातल्या ५३ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. आणि छळ सोसलेल्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. हे पुन्हा वाचा, कारण मेसेजमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत 'मुलगी, मुलगी' चाललंय. बहुतेक मुलांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. का सांगितलं नसेल? घरात त्या जागेचं नाव घ्यायचीच बंदी असेल, तर मूल सांगणार कुठल्या शब्दांत?

आपल्याकडं लग्नकार्यात काय चालतं बघा. पाच वर्षांचं पोरगं खुर्चीमागं लपलंय आणि चार मोठी माणसं त्याला ओढून बाहेर काढतायत, "मामांना पापी दे, लाजतंय की रे!" पोरगं मान फिरवतंय, दोन्ही हात खुर्चीच्या पायाला गच्च. सगळे हसतात. शेवटी ते पापी देतं आणि मनगटानं तोंड पुसतं. मोठ्या माणसानं धरलं की नाही म्हणायचं नसतं, हे आपण त्याला सगळ्यांसमोर शिकवलं. त्या मामांच्या मनात काही नसेलही. पण पुढं ज्याच्या मनात असेल, त्याचं काम आपण सोपं करून ठेवतो.

आणि निरागसपणा कशानं जातो? आंघोळ घालताना एवढंच बोलायचं असतं: ही तुझी जागा. साफ करताना आई-बाबा आणि तपासताना आई समोर असेल तर डॉक्टर, बाकी कुणी हात लावायचा नाही. कुणी लावला, किंवा 'आपल्या दोघांतलंच हं, कुणाला सांगू नको' म्हणालं, तर पहिलं मला येऊन सांगायचं. मी ओरडणार नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच आपल्या तोंडून निघत नाही. यात घाणेरडं काय आहे ते मेसेजवाल्यानं दाखवून द्यावं.

'घरातल्या घरात मिटवा' हा तर सरळ गुन्हा करायचा सल्ला आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पॉक्सो कायदा २०१२चा. कलम १९ म्हणतं, असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. आई-बाप, आजी, शिक्षक, डॉक्टर, शेजारी, कुणीही असो. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पेपरात नाव येण्याचं म्हणाल, तर कलम २३ नुसार मुलाचं नाव, पत्ता, फोटो, शाळा, घरच्यांची माहिती, ज्यावरून ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी आहे. विशेष न्यायालयानं मुलाच्या हितासाठी परवानगी दिली तरच अपवाद. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि अंगावर खाकी नको, हे कलम २४ मध्ये आहे. प्रत्यक्षात प्रत्येक ठाण्यात हे असंच होतं असा माझा दावा नाही. पण कायद्याकडं बोट दाखवून अडून बसता येतं. मिटवलेल्या प्रकरणात मात्र तो माणूस पुढच्या दिवाळीला पुन्हा फराळाला येतो.

तेव्हा जावेला सांगितलं, बाईंना बंद करा म्हणू नकोस. वर्गातल्या मुलग्यांनाही शिकवतात का, तेवढं विचार.

आता दुसरा नियम. 'घरात कुणी वारलं तर मुलांना सांगू नका. झोपलेत किंवा गावाला गेलेत म्हणा, मूल आठ दिवसांत विसरतं.' आमच्याच नात्यातल्या एका पोराला आजोबा अक्कलकोटला गेलेत असं सांगून ठेवलं होतं. स्टँडवर अक्कलकोटची गाडी लागलेली दिसली की तो उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघत उभा राहायचा. मूल विसरत नाही, विचारायचं बंद करतं. 'झोपलेत' तर त्याहून वाईट. मग आई दुपारी आडवी झाली तरी ते तिला हलवून उठवत बसतं. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलांना मेलेला माणूस परत येत नाही हे उमगायला लागतं. त्याआधी पुन्हा पुन्हा तेच विचारतात आणि पुन्हा पुन्हा तेच शांतपणे सांगावं लागतं. शेवटी त्या पोराच्या आत्यानं त्याला सांगितलं, "आजोबांचं शरीर बंद पडलं. आता ते बोलणार नाहीत, जेवणार नाहीत, परत येणार नाहीत. आम्हा सगळ्यांना रडू येतं." त्यानं विचारलं, "मग त्यांचा चष्मा मी घेऊ?" दिला. 'देवाघरी गेले' म्हणायला माझी हरकत नाही, आपली श्रद्धा आहे. फक्त तिथून गाडी परत येत नाही हेही सोबत सांगा.

तिसरा नियम, 'मार खाल्लेली मुलंच आयुष्यात यशस्वी होतात, अमेरिकेतही सिद्ध झालंय.' उलटं सिद्ध झालंय. गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर या अमेरिकेतल्याच संशोधकांनी २०१६ साली पन्नास वर्षांतले अभ्यास एकत्र तपासले, एक लाख साठ हजारांवर मुलांचे. जितका मार जास्त, तितकी आक्रमकता, हट्टीपणा आणि मनाचे त्रास जास्त, असं निघालं. तेही साध्या चापट्यांबद्दल, पट्ट्यानं मारण्याबद्दल नाही. शाळेत तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारायला बंदीच आहे. 'आम्ही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?' हे मला कुणी ऐकवू नये. ऐकवणारे बहुतेक जण हे ओरडूनच ऐकवतात.

चौथ्या नियमात, नाइलाजानं म्हणते, थोडं तथ्य आहे. मोबाइल खरंच जास्त झालाय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराच्या वर नको. पण नियम म्हणतो, 'मोबाइल दिसला की हिसकावून फोडा.' हा मेसेज कशावर वाचला म्हणे? हिसकावून घेतलेला फोन पोरगं पुढच्या वेळी चादरीत घेऊन बघतं, आणि तिथं कुणी घाण फोटो पाठवला तर आपल्याला कळत नाही, इतकंच.

पहिला नियम, सकाळी लवकर उठवा. उठवा बापडे.

सहावा, 'पैशाची अडचण मुलांसमोर काढू नका.' यंत्रमागाच्या कामावर जगणाऱ्या घरात काम कमी झालं की पोरांना कुणी न सांगता कळतं. आठवडी बाजारातून पिशवी हलकी येते, आई-बाबा कुजबुजतात. न सांगितलेलं पोर स्वतःच्या मनानं पूर्ण करतं, आणि बऱ्याचदा आपलंच काहीतरी चुकलं असं धरून बसतं. "या महिन्यात बाबांना काम कमी आहे, सहलीचे पैसे भरता येणार नाहीत, शाळा मात्र चालू राहील," एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. कर्जाचे आकडे आणि सावकाराची शिवीगाळ त्याच्यापुढं नको, हे कुणीही मान्य करेल.

सातवा नियम म्हणजे 'हा मेसेज अकरा पालकांना पाठवा.' त्यात नियम कुठला, मला सापडला नाही. अकरा जणांना काही पाठवायचंच असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा, अडचणीतल्या मुलांच्या मदतीचा नंबर पाठवा. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि मूल स्वतःसुद्धा लावू शकतं.