‘तू मोठी आहेस ना’ म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी

आमच्या घरी येणाऱ्या, जिन्यात भेटणाऱ्या, सोसायटीच्या बाकावर बसून लांबूनच न्यायनिवाडा करणाऱ्या सगळ्या मोठ्या माणसांना सांगायचंय. माझ्या मुलीला ‘तू मोठी आहेस ना’ म्हणणं बंद करा. ती ७ वर्षांची आहे. दुसरीत आहे. पुढचे दोन दात पडलेत, बुटाची नाडी अजून मी बांधून देते, आणि रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात एकटी जायला ती घाबरते. ही कुठल्या हिशेबाने मोठी? धाकटा ३ वर्षांचा आहे, त्याच्या शेजारी उभी केली की उंच दिसते, एवढंच. तो जन्मला तेव्हा ती ४ वर्षांची होती. म्हणजे आज ज्याला तुम्ही ‘अगं, बाळ आहे ते’ म्हणता, त्याच्याहून जेमतेम मोठी. आणि दवाखान्यातच तिला ऐकवलं गेलं, ‘आता ताई झालीस हं, आता हट्ट करायचा नाही.’ चार वर्षांच्या मुलीने हट्ट करायचा नाही, का, तर घरात बाळ आलं. मला तेव्हापासून याचा संताप आहे आणि तो कमी होत नाही, वाढतोच आहे.

रोज तेच चालतं. तिच्या हातातली वस्तू त्याला हवी असते. तो भोकाड पसरतो. खोलीतल्या मोठ्यांना तो आवाज नको असतो. खरं कारण इतकंच आहे, बाकी सगळी मलमपट्टी. त्याला थांबवायला वेळ लागतो, उचलून बाहेर न्यावं लागतं, दुसरीकडे लक्ष वळवावं लागतं. तिला मात्र नुसतं सांगितलं की ती देते. म्हणून तिलाच सांगायचं. जी ऐकते तिच्यावरच बोजा टाकायचा आणि वर ‘शहाणी गं बाई माझी’ म्हणून गालाला हात लावायचा. तिला शहाणपणाचं बक्षीस काय मिळतं? पुढच्या वेळी पुन्हा तिलाच सांगतात.

दिवाळीतली गोष्ट सांगते, कारण त्यानंतर माझी सहनशक्ती संपली. पुण्यात मुलं किल्ला करतात तेव्हा त्यात किती जीव ओततात ते इथल्या माणसांना सांगायला नको. हिने आणि खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीने राजगड करायचा ठरवला. साधासुधा डोंगर नाही, राजगड. पद्मावती, सुवेळा, संजीवनी, तिन्ही माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. सहामाही संपली त्या दिवसापासून दोघी पार्किंगच्या कोपऱ्यात माती चाळत बसल्या होत्या. विटा रचल्या, त्यावर गोणपाट, त्यावर चिखलाचा थर. संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी आहे हे तिला पुस्तकातल्या चित्रावरून कळलं होतं, तर हिने आतली भिंत वेगळी, बाहेरची वेगळी अशी बोटांनी उभी केली. पडली की पुन्हा. अळीव पेरले, रोज सकाळी शाळेच्या बाटलीने पाणी घातलं, त्याला कोंब आले तेव्हा मला ओढत दाखवायला घेऊन गेली. कुंभारवाड्यातून मावळे आणले, प्रत्येकाची जागा ठरवली. पहाऱ्याचे इथे, तोफेपाशी हे.

वसुबारसेच्या संध्याकाळी धाकटा धावत आला आणि सरळ संजीवनी माचीवर बसला. मजा म्हणून. तो ३ वर्षांचा आहे, त्याला किल्ला काय कळणार, त्याच्यावर माझा राग नाहीच. तटबंदी गेली, बुरूज गेला, दोन मावळ्यांची डोकी उडाली. ती किंचाळली. त्याला ढकललं नाही, मारलं नाही, फक्त मोठ्याने ओरडली आणि रडायला लागली. आणि तिथे उभ्या असलेल्या चार-पाच मोठ्या बायकांपैकी एकीनेही तिच्याकडे पाहिलं नाही. सगळ्या त्याला उचलायला धावल्या, कारण तिच्या ओरडण्याने तो दचकून रडत होता. मग तिला चहूबाजूंनी सुरू झालं. ‘एवढं काय, मातीचाच तर आहे.’ ‘लहान आहे गं तो.’ ‘तू मोठी ना, परत बांध.’ आणि शेवटी एक काकू म्हणाल्या, ‘भाऊबिजेला ओवाळणार ना त्याला? मग असं ओरडायचं भावावर?’

मी तिथेच त्यांना उत्तर दिलं. सगळ्यांसमोर दिलं. त्यांना राग आला, येऊ दे. माझ्या मुलीचे इतक्या दिवसांचे कष्ट मोडले आणि तिने रडायचंसुद्धा नाही? तुमच्या घरातल्या रांगोळीवरून कोणी चप्पल घालून चाललं तर तुम्ही काय म्हणाल? तुमच्या कामाच्या फायलींवर कोणी चहा ओतला तर? तिथे वय विचारता का आधी? सात वर्षांच्या मुलीचं काम हे काम नाही, तिची वस्तू ही वस्तू नाही, तिचं दुःख मोजायचं नाही. का, तर तिच्यानंतर एक मूल जन्मलं.

त्यात ती मुलगी आणि तो मुलगा. हे कोणी तोंडाने म्हणत नाही, पण मला ऐकू येतं. ‘ताई म्हणजे दुसरी आई.’ किती कौतुकाने म्हणतात! अहो, त्याला आई आहे. एक आहे आणि ती पुरेशी आहे. बाबाही आहे. तिला दुसरी आई व्हायचं नाहीये, तिला दुसरीतली मुलगी व्हायचंय. पाहुणे आले की ‘त्याच्याकडे बघ जरा’, लग्नात ‘त्याला घेऊन बस’, सारसबागेत ‘त्याचा हात सोडू नकोस’. मुलगा थोरला आणि मुलगी धाकटी असलेल्या घरांत मी असं इतक्या वेळा ऐकलेलं नाही. तिथे दादा खेळायला गेलेला असतो.

काही जणांना वाटतं, आपण तर अगदी समान वागतो. ते दोघांना सारखंच आणतात. दोन सारखे खडू, दोन सारख्या गाड्या, ‘भांडण नको’ म्हणून. ती जलरंगात रंगवते, तिला मेणाचे जाड खडू. नाहीतर दोघांना बारीक तुकड्यांची जुळवायची खेळणी, ज्याच्या खोक्यावरच लहान मुलांसाठी इशारा छापलेला असतो. मग मी ते उचलून ठेवायचं आणि वाईट मी व्हायचं. रेल्वेलासुद्धा कळतं हो: ५ वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही, ५ पूर्ण झाली की लागतं. वयाप्रमाणे गरज वेगळी, हे तिकीट खिडकीवर मान्य आणि घरात अमान्य.

आणि सारखं दिल्याने भांडण थांबतं हाही गैरसमज. बालमानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचा पाण्याच्या पेल्यांचा प्रयोग कितीतरी जणांनी बीएडला, डीएडला शिकलेला असतो. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी, मग एकातलं पाणी मुलांच्या डोळ्यांदेखत उंच, अरुंद पेल्यात ओतायचं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं सांगतात की उंच पेल्यात जास्त आहे. मग तीन वर्षांच्या मुलाला दोन सारख्या गाड्या देऊन काय सिद्ध करता? त्याला तिच्या हातातलीच हवी असते. सारखेपणा त्याच्या डोक्यात अजून बसलेलाच नाही. तिच्या डोक्यात मात्र पक्का बसलाय. सात देशांतल्या मुलांवर एक मोठा अभ्यास झाला होता, २०१५ साली छापून आला, त्यात भारतही होता. आपल्याला कमी आणि समोरच्याला जास्त अशी वाटणी झाली की सगळ्या देशांतली मुलं ती नाकारायला शिकतात असं दिसलं. म्हणजे ती ‘हे बरोबर नाही’ म्हणते तेव्हा ती हावरट नसते, मत्सरी तर अजिबात नसते. ‘भावावर जळते’ हा शब्दप्रयोग माझ्यासमोर पुन्हा कोणी केला तर मी गप्प बसणार नाही.

झोपेचंही तेच. ‘दोघांना एकदमच झोपवत जा, सोपं पडतं.’ कोणाला सोपं? ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट १० ते १३ तास झोप लागते, ६ ते १२ वर्षांच्यांना ९ ते १२. तो लवकर झोपतो. त्यानंतरचा अर्धा तास तिचा आहे. तेव्हा ती माझ्याशी बोलते, दिवसभराचं सगळं सांगते, कारण मध्ये कोणी बोलत नाही. तो अर्धा तास मी कोणाच्याही सोयीसाठी देणार नाही.

मग येतं ‘आमच्या वेळी चार-चार भावंडं होती, कोणाला काही झालं नाही’. झालं नाही? आमच्याच घरात सासूबाईंच्या थोरल्या बहिणीची शाळा सातवीनंतर सुटली, खालची भावंडं सांभाळायला. गणितात हुशार होत्या असं सगळे अभिमानाने सांगतात. सांगताना कोणाची जीभ अडखळत नाही. त्या माउलीला आजही पंगतीत आधी वाढलेलं चालत नाही, इतकी सवय लावली गेली आहे. धाकटे मामा मात्र इंजिनिअर झाले. याला तुम्ही ‘काही झालं नाही’ म्हणता. उगाच भावंडांच्या प्रेमाचे दाखले देऊ नका. द्यायचाच तर आळंदीचा द्या. रुसून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत काढली ती मुक्ताबाईने, चौघांत सगळ्यात धाकटी होती ती. समजून घ्यायचा मक्ता थोरल्यांनाच दिला हे कुठून काढलंत?

आणि यात धाकट्याचंही भलं होत नाहीये. थांबायचं असतं, विचारून घ्यायचं असतं, दुसऱ्याची वस्तू मोडली की ‘सॉरी’ म्हणून मदत करायची असते, हे ३ वर्षांच्या मुलाला हळूहळू जमतं. आमच्याकडे जमतंय. पण दर शनिवारी-रविवारी कोणीतरी येऊन ते पुसून टाकतं. तो रडला की मिळतं हे त्याला तुम्ही शिकवता आणि सोमवारी ‘फार हट्टी झालाय गं’ म्हणून फोन करता.

तर यापुढे आमच्याकडे येताना हे लक्षात ठेवा. दार उघडायला दोघं येतात, तिच्याशीही बोला, आणि ‘भावाला सांभाळतेस ना?’ हे सोडून बोला. तिची खेळणी वरच्या कप्प्यात आहेत, ती त्याला द्यायची की नाही हे ती ठरवेल, तिने ‘नाही’ म्हटलं तर ते नाहीच असेल. तो रडेल. त्याला घेऊन मी गॅलरीत जाईन, तुम्ही चहा घ्या. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी यायच्या आधी फोन करा, मी बाहेर येऊन भेटेन.